युरिक ॲसिड वाढलं म्हणून डाळ बंद? आधी गाऊट समजून घ्या, मग ताट बदला

रात्री झोपताना सगळं ठीक होतं. पहाटे तीनच्या सुमारास पायाच्या अंगठ्यात अशी कळ आली की खाडकन जाग आली. दिवा लावून पाहिलं तर अंगठ्याचं मूळ लालबुंद, टम्म सुजलेलं आणि हात लावला तर गरम. अंगावरच्या चादरीचा स्पर्शसुद्धा सहन होईना. ठेच लागली नव्हती, पाय मुरगळला नव्हता. आदल्या रात्री मित्राच्या हळदीला मटण आणि दोन-तीन बिअर झाल्या होत्या, एवढंच.

आठवडाभरात दुखणं आपोआप ओसरलं. रक्ताच्या तपासणीत युरिक ॲसिड ८.४ आलं. मग घरात, ऑफिसात आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. डाळ बंद कर. टोमॅटो बंद. पालक, फ्लॉवर, राजमा, सगळं बंद. बिचाऱ्याने महिनोनमहिने नुसत्या दुधीवर आणि भातावर दिवस काढले. आणि सहा महिन्यांनी, तशाच एका पहाटे, तीच कळ पुन्हा आली.

ही गोष्ट कोणा एकाची नाही. तुमच्या ओळखीत असा एक तरी माणूस नक्की असेल. या आजाराला 'गाऊट' म्हणतात. संधिवाताच्या अनेक प्रकारांपैकी हा असा प्रकार आहे, ज्याचं कारण नेमकं माहीत आहे आणि ज्यावर जवळजवळ पूर्ण ताबा मिळवता येतो. तरीही असंख्य लोक वर्षानुवर्षं त्याने हैराण होतात, कारण पथ्य चुकीच्या पदार्थांचं पाळलं जातं आणि उपचार अर्धवट सोडले जातात.

म्हणून आज नीट समजून घेऊया, की गाऊट होतो कसा, ताटात नेमकं काय बदलायचं आणि पथ्याने किती फरक पडतो.

गाऊट म्हणजे नेमकं काय?

साखरेचा घट्ट पाक करून ठेवला आणि तो थंड झाला की तळाशी खडे धरतात, हे घरोघरी पाहिलेलं असतं. गाऊटमध्ये सांध्यात असंच काहीसं होतं.

आपल्या रक्तात युरिक ॲसिड विरघळलेल्या रूपात असतं. पण रक्त ते एका मर्यादेपर्यंतच सामावून घेऊ शकतं. ही मर्यादा साधारण ६.८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर इतकी आहे. आकडा बराच काळ याच्या वर राहिला, की जास्तीचं युरिक ॲसिड सुईसारख्या बारीक स्फटिकांच्या रूपात सांध्यांमध्ये आणि आजूबाजूला साठू लागतं. हे काम गुपचूप, कित्येक वर्षं चालू असतं. काहीच दुखत नाही.

मग एके दिवशी यातले काही स्फटिक मोकळे होतात. शरीराच्या संरक्षक पेशींना ते शत्रू वाटतात आणि त्या तुटून पडतात. सांध्यात अक्षरशः आग पेटते. लाली, सूज, उष्णता आणि असह्य वेदना, हा गाऊटचा झटका.

आता प्रश्न येतो, अंगठाच का? पाकाची गोष्ट आठवा. पाक थंड झाला की खडे लवकर धरतात. पायाचा अंगठा हृदयापासून सगळ्यात लांब आणि शरीराच्या इतर भागांपेक्षा थंड असतो. शिवाय चालताना त्या सांध्यावर सतत ताण येतो. म्हणून साधारण निम्म्या रुग्णांमध्ये पहिला झटका अंगठ्याच्या मुळाशीच येतो. घोटा, पाऊल, गुडघा, मनगट, कोपर, बोटं यांनाही तो येऊ शकतो.

झटका बहुतेकदा रात्री किंवा पहाटे येतो, पहिल्या २४ तासांत शिगेला पोहोचतो आणि औषध न घेताही आठवडा-दोन आठवड्यांत ओसरतो. नेमकी इथेच फसगत होते. दुखणं गेलं म्हणजे आजार गेला असं वाटतं. स्फटिक मात्र तिथेच बसलेले असतात, पुढच्या वेळेची वाट बघत.

दुर्लक्ष झालं तर झटक्यांमधलं अंतर कमी होत जातं. काही वर्षांनी कानाच्या पाळीवर, कोपरावर, बोटांच्या सांध्यांवर खडूसारख्या पांढऱ्या पदार्थाच्या गाठी दिसू लागतात. सांधे झिजतात, वाकडे होतात. युरिक ॲसिडचे मुतखडेही होऊ शकतात.

हे युरिक ॲसिड येतं कुठून?

आपल्या प्रत्येक पेशीत 'प्युरिन' नावाचे घटक असतात. डीएनए त्यांच्याशिवाय बनतच नाही. जुन्या पेशी मरतात, नव्या तयार होतात, तेव्हा या प्युरिनचं विघटन होऊन शेवटी युरिक ॲसिड उरतं. खाण्यातूनही प्युरिन येतात, कारण आपण जे खातो त्यातही पेशी असतातच.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. शरीरातलं सुमारे दोन तृतीयांश युरिक ॲसिड आपल्याच पेशींच्या उलाढालीतून तयार होतं. अन्नातून येणारा वाटा साधारण एक तृतीयांश.

बहुतेक प्राण्यांच्या शरीरात युरिक ॲसिड मोडून टाकणारं 'युरिकेज' नावाचं एन्झाइम असतं. उत्क्रांतीच्या ओघात माणसाच्या पूर्वजांनी ते गमावलं. त्यामुळे आपल्याला युरिक ॲसिड बाहेर टाकण्यासाठी मुख्यतः किडनीवर अवलंबून राहावं लागतं. सुमारे दोन तृतीयांश युरिक ॲसिड लघवीवाटे जातं, उरलेलं आतड्यांवाटे.

आणि खरी गोम इथे आहे. गाऊटच्या दहापैकी जवळपास नऊ रुग्णांमध्ये मुख्य अडचण युरिक ॲसिड जास्त तयार होण्याची नसते. ते पुरेसं बाहेर पडत नाही, ही असते. घरातल्या बेसिनचा नळ नेहमीसारखाच चालू आहे, पण खालची जाळी तुंबली आहे, असं समजा. पाणी साचणारच.

जाळी किती मोकळी असेल हे बऱ्याच अंशी आनुवंशिकतेवर ठरतं. २०१८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये, अमेरिकेतल्या युरोपीय वंशाच्या हजारो लोकांच्या माहितीवर आधारित एक अभ्यास छापून आला होता. माणसामाणसांतल्या युरिक ॲसिडच्या फरकापैकी जवळपास २४ टक्के फरक जनुकांमुळे आणि एकंदर आहारामुळे १ टक्क्याहूनही कमी, असा त्याचा निष्कर्ष होता. आहाराला अर्थच नाही असा याचा अर्थ नव्हे. पण 'खादाडपणामुळेच गाऊट होतो' हा टोमणा किती चुकीचा आहे, हे यावरून कळतं.

'राजेरजवाड्यांचा आजार' हे नाव कसं पडलं?

गाऊट हा श्रीमंतांचा आजार, ही समजूत फार जुनी आहे. चरकसंहितेत 'वातरक्त' या आजाराचं वर्णन येतं आणि त्याचं एक नाव 'आढ्यवात' असं दिलं आहे. आढ्य म्हणजे धनवान. वातरक्त आणि आजचा गाऊट तंतोतंत एकच आहेत असं म्हणता येणार नाही, पण सुखवस्तू माणसाच्या सांधेदुखीकडे तेव्हाही लोकांचं लक्ष गेलं होतं.

युरोपात सोळाव्या शतकातला बलाढ्य सम्राट पाचवा चार्ल्स गाऊटने जर्जर झाला होता. त्याच्या बोटाचा एक वाळलेला अवशेष जपून ठेवलेला होता. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत त्यात युरिक ॲसिडचे स्फटिक सापडले.

युरिक ॲसिड आणि गाऊट यांचा संबंध इंग्लंडमधले डॉक्टर आल्फ्रेड गॅरोड यांनी १८४८ साली रुग्णांच्या रक्तात दाखवून दिला. तोवर मांस, मद्य आणि बैठं आयुष्य हे श्रीमंतांनाच परवडत होतं. आज वडापावच्या गाडीशेजारी कोल्ड्रिंक मिळतं, बिअर कोपऱ्यावर मिळते आणि काम खुर्चीवर बसून होतं. त्यामुळे हा आजार आता राजाचा राहिलेला नाही.

रिपोर्टमध्ये आकडा जास्त आला म्हणजे गाऊट झालाच का?

नाही. हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये युरिक ॲसिड वाढलेलं निघालं आणि सांधा कधीच सुजला नाही, असे लोक भरपूर असतात. त्यांच्यापैकी बहुतेकांना गाऊट होतही नाही. अशा वेळी फक्त आकडा पाहून गोळ्या सुरू करण्याची सहसा गरज नसते. वजन, दारू, गोड पेयं, बीपी, साखर आणि किडनी यांच्याकडे लक्ष द्यायचा तो इशारा समजावा.

उलटही खरं आहे. ऐन झटक्यात तपासलं तर युरिक ॲसिड चक्क नॉर्मल येऊ शकतं. म्हणून 'रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे गाऊट नाही' असं लगेच ठरवू नये. दुखणं गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी करतात.

सगळ्यात खात्रीचं निदान म्हणजे सुजलेल्या सांध्यातलं पाणी सुईने काढून खास सूक्ष्मदर्शकाखाली त्यात स्फटिक दिसतात का, ते पाहणं. प्रत्येक वेळी ते शक्य नसतं. तेव्हा लक्षणं, रक्ततपासणी आणि गरज पडल्यास सोनोग्राफी यांवरून डॉक्टर निदान करतात.

टाच दुखणं, कंबर दुखणं, दोन्ही हातांची बोटं सकाळी आखडणं, या सगळ्याचं खापर युरिक ॲसिडवर फोडू नका. त्यांची कारणं बहुधा वेगळी असतात.

कोणाला धोका जास्त?

पुरुषांना, विशेषतः तिशी-चाळिशीनंतर. स्त्रियांमध्ये पाळी सुरू असेपर्यंत इस्ट्रोजेन हे संप्रेरक युरिक ॲसिड बाहेर टाकायला मदत करतं, म्हणून त्यांना हा आजार क्वचित होतो. पाळी गेल्यावर मात्र धोका वाढतो. आईच्या सुजलेल्या पायाला 'वयोमानाचं दुखणं' म्हणून सोडून देऊ नका.

घरात कोणाला गाऊट असणं, वजन जास्त असणं, बीपी, मधुमेह, किडनीचा आजार, सोरायसिस, यांनीही शक्यता वाढते. बीपीसाठी दिल्या जाणाऱ्या लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या, उदाहरणार्थ हायड्रोक्लोरोथायाझाइड, आणि रक्त पातळ ठेवण्यासाठीची कमी डोसची ॲस्पिरिन युरिक ॲसिड थोडं वाढवतात. पण म्हणून त्या स्वतःहून बंद करू नका. ॲस्पिरिन सोडल्याने हार्ट अटॅकचा धोका ओढवू शकतो. बीपीच्या गोळीबद्दल डॉक्टरांशी बोला. लोसार्टनसारखी गोळी युरिक ॲसिड थोडं कमीही करते, तेव्हा बदल शक्य आहे का हे ते ठरवतील.

आता ताटाकडे वळू: कशावर हात आखडायचा?

दारू, आणि त्यातही बिअर. दारू युरिक ॲसिडची निर्मिती वाढवते आणि किडनीतून ते बाहेर पडण्यात अडथळा आणते. बिअरमध्ये वर प्युरिनही असतात, म्हणजे दुहेरी मार. 'मी बिअर सोडून व्हिस्कीवर आलो' हा उपाय नव्हे. झटके येत असताना तर थेंबही नको.

कलेजी, भेजा, गुर्दा. अवयवांच्या मांसात प्युरिन सगळ्यात जास्त. हे सरळ बंद करावं.

काही मासे. कोकणात आणि किनारपट्टीला हा भाग जड जातो, पण तारली, मांदेली, बांगडा, तिसऱ्या, कोळंबी आणि सुकट, जवळा यांत प्युरिन बऱ्यापैकी जास्त असतात. सुकवल्यावर पाणी निघून जातं आणि तेवढ्याच वजनात प्युरिन एकवटतात. मासे हृदयासाठी चांगले असतात, त्यामुळे कायमची गाठ तोडायची गरज नाही. पण रोजच्या ताटातून ते आठवड्यात एकदा-दोनदा, एखाद्या तुकडीपर्यंत आणा.

मटण आणि त्याचा रस्सा. प्युरिन पाण्यात उतरतात. म्हणून मटण उकळल्यावर बरेचसे प्युरिन रश्शात येतात. तांबड्या-पांढऱ्या रश्शाच्या वाट्यांवर वाट्या रिचवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. 'सांधे दुखतात तर पायाचं सूप पी' हा सल्ला गाऊटमध्ये उलटा पडू शकतो. तुकडे खा, रस्सा कमी घ्या. चिकनलाही हेच लागू.

गोड पेयं. हा सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो. यकृतात फ्रुक्टोजवर प्रक्रिया होताना थेट युरिक ॲसिड तयार होतं. म्हणजे ज्या पदार्थात प्युरिनचा अंशही नाही, तोसुद्धा युरिक ॲसिड वाढवतो! कोल्ड्रिंक, पॅकबंद ज्यूस, सरबतं, उसाचा रस यांनी हा डोस एका दमात पोटात जातो. गूळ आणि मध 'नैसर्गिक' असले तरी त्यांतही फ्रुक्टोज असतंच. शाकाहारी, निर्व्यसनी माणसालाही गाऊट होतो, त्यामागे इतर कारणांबरोबर हेही एक असू शकतं.

आणि कशाची उगाच भीती?

डाळी आणि कडधान्यं. तूर, मूग, मसूर, चवळी, राजमा यांत प्युरिन मध्यम प्रमाणात असतात, हे खरं. पण त्याने गाऊट होतो का? अमेरिकेत ४७,१५० पुरुषांचा १२ वर्षं पाठपुरावा करून एक अभ्यास झाला आणि तो २००४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. मांस आणि मासे जास्त खाणाऱ्यांमध्ये गाऊटचं प्रमाण जास्त होतं. प्युरिन असलेल्या भाज्या खाणाऱ्यांमध्ये मात्र धोका वाढलेला दिसला नाही. त्यात मटार, बीन्स, मसूर, पालक, मशरूम, फ्लॉवर हे सगळं होतं.

म्हणजे वरण-भात सोडायचं कारण नाही. घरात मांसाहार होत नसेल तर डाळ हाच प्रथिनांचा मोठा आधार असतो. ती बंद केली की स्नायू कमजोर होतात आणि भूक भागवायला भात, बिस्किटं, गोड चहा वाढतो. नुकसान दोन्हीकडून.

पालक. पालकात ऑक्झलेट असतं आणि एका प्रकारचा मुतखडा असणाऱ्यांना तो कमी खायला सांगतात. तो नियम गाऊटला चिकटवला गेला आहे. दोन्ही वेगळे विषय आहेत.

टोमॅटो, वांगं, दही. टोमॅटोत प्युरिन नगण्य असतात. काही रुग्णांना टोमॅटो खाल्ल्यावर त्रास झाल्यासारखा वाटतो. तुमचा तसा पुन्हा पुन्हा अनुभव असेल तर तुमच्यापुरता तो टाळा, सरसकट सगळ्यांनी नको. दह्याची भीती तर पूर्णपणे अनाठायी.

ज्याने फायदा होतो ते

दूध, दही आणि ताक, विशेषतः कमी चरबीचं. वर सांगितलेल्या २००४ च्या अभ्यासातच दूध-दुभतं घेणाऱ्यांमध्ये गाऊट कमी आढळला होता. जेवणानंतर वाटीभर ताक हा आपल्याकडचा सोपा उपाय.

कॉफी पिणाऱ्यांमध्येही गाऊटचं प्रमाण कमी दिसतं, पण त्यासाठी मुद्दाम सुरू करायची गरज नाही. पीत असाल तर कमी साखरेची प्या.

आवळा, पेरू, संत्रं, लिंबू यांतलं क जीवनसत्त्व युरिक ॲसिड किंचित कमी करतं. परिणाम छोटा असतो, म्हणून गोळ्यांऐवजी फळंच खा. आख्खं फळ खाताना चोथा पोटात जातो आणि प्रमाणही आपोआप मर्यादित राहतं, त्यामुळे फळांना घाबरू नका. फक्त त्यांचा रस काढून पिऊ नका. चेरीचा बराच गवगवा आहे, आणि काही अभ्यासांत फायदा दिसलाही आहे, पण महागडी चेरी आणून औषध टाळणं हा शहाणपणा नाही.

ॲपल सायडर व्हिनेगरने गाऊट बरा होतो याला भरवशाचा पुरावा नाही. खाण्याचा सोडा पाण्यात घालून रोज पिऊ नका. त्यातल्या सोडियममुळे बीपी वाढू शकतं.

मग साधं ताट कसं असावं? भाकरी किंवा पोळी, एक पालेभाजी किंवा फळभाजी, वाटीभर वरण किंवा उसळ, कोशिंबीर, ताक. आठवड्यात एखाद-दोन वेळा अंडं, चिकन किंवा मासा. थोडक्यात, आजीने वाढलेलं रोजचं जेवण. त्रास सणावारी आणि पार्टीत जे वाढतं त्याचा असतो.

पाणी, वजन आणि उपवास

दिवसभरात लघवी फिकट राहील इतकं पाणी प्या. बहुतेकांना दोन ते अडीच लिटर लागतं. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, शेतात किंवा बांधकामावर काम करणाऱ्यांना जास्त. शरीरातलं पाणी कमी झालं की झटका येण्याची शक्यता वाढते. हृदय किंवा किडनीचा आजार असेल तर पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

वजन जास्त असेल तर ते उतरवल्याने युरिक ॲसिड कमी होतं आणि गुडघे, बीपी, साखर यांनाही फायदा होतो. पण सावकाश. झटपट वजन उतरवण्यासाठी उपाशी राहिलं की शरीर चरबी जाळतं, त्यातून कीटोन तयार होतात आणि ते किडनीत युरिक ॲसिडची वाट अडवतात. म्हणून कडक डाएट सुरू केल्यावर किंवा निर्जळी उपवासानंतर झटका आला, असं होऊ शकतं. गाऊट असेल तर निर्जळी उपवास टाळा. उपवास धरायचाच असेल तर पाणी, ताक, फळं घेत राहा.

रोज अर्धा तास चालणं उत्तम. मात्र सांधा सुजलेला असताना व्यायाम नाही.

झटका आला तर काय कराल?

पाय उंचावर ठेवा आणि विश्रांती घ्या. कपड्यात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं, दिवसातून काही वेळा लावा. गरम शेक देऊ नका. तेल लावून चोळू नका.

डॉक्टरांना लवकर गाठा. सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या, कोल्चिसीन किंवा थोडे दिवस स्टेरॉइड, यांपैकी तुमच्यासाठी काय योग्य ते किडनी, पोट, साखर, बीपी बघून ठरतं. औषध जितकं लवकर, तितका झटका लवकर आवरतो.

कोल्चिसीन हे मूळचं वनस्पतीतून मिळणारं औषध. आपल्या जंगलांत पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीच्या बियांत आणि कंदात ते असतं. पण म्हणून कळलावीचा कंद उगाळून घेण्याचा विचारही मनात आणू नका. ती जीवघेणी विषारी आहे. कोल्चिसीनच्या गोळीतही औषध आणि विष यांत थोडंच अंतर असतं, त्यामुळे सांगितल्यापेक्षा एकही गोळी जास्त घेऊ नका. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर लगेच डॉक्टरांना कळवा.

सांधा सुजला आहे आणि सोबत ताप, थंडी वाजणं असेल तर थांबू नका. सांध्यात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो आणि तो काही दिवसांत सांधा निकामी करतो.

पथ्याने गाऊट जातो का? एक साधं गणित

आता मुख्य प्रश्न. नीट पथ्य पाळलं तर युरिक ॲसिड साधारण १ मिलिग्रॅमने कमी होतं. कोणाचं थोडं जास्त, कोणाचं कमी.

सुरुवातीच्या आपल्या मित्राचा आकडा होता ८.४. पथ्याने तो आला ७.४ वर. पण स्फटिक विरघळायला सुरुवात होते ती ६.८ च्या खाली. म्हणजे त्याने मटण सोडलं, बिअर सोडली, डाळसुद्धा सोडली, तरी आतले स्फटिक जागचे हलले नाहीत. त्याचं पथ्य कमी पडलं नव्हतं. गणितच जुळत नव्हतं.

म्हणूनच गाऊट असलेल्यांसाठी लक्ष्य असतं ६ च्या खाली. गाठी असतील तर ५ च्या खाली. लॅबच्या रिपोर्टमध्ये ७ पर्यंत 'नॉर्मल' छापलेलं असतं, पण ते सगळ्यांसाठी. तुमचं लक्ष्य वेगळं आहे.

वर्षातून दोन किंवा जास्त झटके येत असतील, गाठी झाल्या असतील किंवा सांध्याची झीज दिसत असेल, तर युरिक ॲसिड कमी करणारं औषध सुरू करण्याचा सल्ला दिला जातो. किडनी कमजोर असेल, मुतखडे झाले असतील किंवा आकडा ९ च्या वर असेल, तर डॉक्टर पहिल्या झटक्यानंतरही ते सुचवू शकतात. यातलं जुनं आणि स्वस्त औषध म्हणजे ॲलोप्युरिनॉल. ते गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या संशोधनातून आलं. या दोघांना जेम्स ब्लॅक यांच्याबरोबर १९८८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. दुसरं औषध फेबुक्सोस्टॅट. हृदयविकार असणाऱ्यांना ते देताना डॉक्टर जास्त काळजी घेतात.

या औषधांबद्दल चार गोष्टी माहीत असायलाच हव्यात.

पहिली, ती कमी डोसपासून सुरू करून हळूहळू वाढवतात. दर काही आठवड्यांनी रक्त तपासून आकडा ६ खाली येईपर्यंत. एकदा गोळी लिहून दिली आणि पुन्हा तपासणीच नाही, असं होऊ देऊ नका.

दुसरी, सुरुवातीच्या महिन्यांत झटके वाढू शकतात. स्फटिक विरघळताना सुटे होतात म्हणून. 'औषध उलटलं' असं समजून अनेक जण नेमकी इथेच गोळी सोडतात. हे टाळण्यासाठी पहिले तीन ते सहा महिने सोबत कमी डोसचं कोल्चिसीन किंवा दुसरं औषध देतात. औषध चालू असताना झटका आला तरी ते थांबवायचं नाही.

तिसरी, अंगावर पुरळ उठलं, ताप आला किंवा तोंडात फोड आले तर ॲलोप्युरिनॉल ताबडतोब थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. हा दुष्परिणाम क्वचित होतो, पण गंभीर असतो.

चौथी, ही गोळी बहुतेकांना दीर्घकाळ घ्यावी लागते. बीपीची घेतो तशीच. बंद केली की आकडा पुन्हा वर जातो आणि स्फटिक पुन्हा साठू लागतात.

खरा धोका कुठे आहे?

दुखलं की मेडिकलमधून वेदनाशामक गोळी आणायची, चार दिवस घ्यायची आणि विसरून जायचं. पुन्हा दुखलं की पुन्हा तीच. हे दहा-दहा वर्षं चालतं. वेदना दबते, पण युरिक ॲसिड तसूभरही कमी होत नाही. उलट त्या गोळ्यांनी हळूहळू किडनी खराब होते. आणि किडनीच तर युरिक ॲसिड बाहेर टाकणारी! म्हणजे ज्या फांदीवर बसलोय तीच तोडायची.

तशाच सांधेदुखीच्या बिनलेबलच्या पुड्या. एका दिवसात आराम पडला तर आनंदाआधी शंका यायला हवी. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असण्याचे प्रकार उघडकीस आलेले आहेत. दीर्घकाळ घेतल्यास साखर, बीपी, हाडं, सगळ्यावर परिणाम होतो.

गाऊट असेल तर वर्षातून एकदा किडनीसाठी क्रिएटिनिन, साखर, कोलेस्टेरॉल आणि बीपी तपासून घ्या. हे आजार बऱ्याचदा गाऊटच्या सोबतीने येतात आणि जिवाला धोका त्यांचा जास्त असतो.

थोडक्यात

- बिअर आणि इतर दारू, कोल्ड्रिंक, कलेजी-भेजा बंद. मटण, रस्सा, कोळंबी, तारली, सुकट कमी.
- वरण, उसळ, पालेभाज्या, दही-ताक, फळं बिनधास्त खा.
- पाणी भरपूर, वजन सावकाश कमी, निर्जळी उपवास नको.
- झटके पुन्हा पुन्हा येत असतील तर नुसत्या पथ्यावर विसंबू नका. युरिक ॲसिड ६ च्या खाली आणायचं औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्या आणि मध्येच सोडू नका.

सहाखालचा आकडा टिकून राहिला तर जुने स्फटिकही हळूहळू विरघळतात, गाठी लहान होतात आणि झटके थांबतात. इतकं स्पष्ट उत्तर फार थोड्या सांधेदुखींना आहे.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी 'युरिक ॲसिड वाढलंय, डाळ सोडलीय' असं म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा, "तुझा आकडा किती? आणि शेवटचा कधी तपासलास?" आणि हा लेखही त्याला पाठवा. कदाचित त्याची एखादी पहाट सुखाची जाईल.

(हा लेख माहितीसाठी आहे. औषध सुरू करण्याचा, बदलण्याचा किंवा बंद करण्याचा निर्णय आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.)